लुशियसकडे उरलेले शब्द

मोबील शहरात, मालगाड्यांच्या यार्डामागच्या बारमध्ये
दर गुरुवारी आम्ही वाजवतो.
मी पावाची गाडी चालवतो, पहाटे तीनला उठतो,
तरी गुरुवार चुकवत नाही.

माझी पाळी आली की मी धावत सुटायचो.
पाचही पट्ट्या पाठ, खालून वर, वरून खाली,
मुलगी झोपल्यावर मेट्रोनोमच्या टकटकीत घोकलेल्या.
बारा घरांचं ते ब्लूज, आणि मी
प्रत्येक दारावर थाप मारून पळणारं वांड पोर.
कुणी कडी काढेपर्यंत पुढच्या गल्लीत.

लुशियस पेटवे बासवर असायचा.
म्हणायचा, "किती बोलतोस रे. श्वास कुठे घेतोस?"
म्हणायचा, "आधी तोंडाने गा.
तुला गाता येत नाही ते बोटांना कुणी सांगितलं?"
एकदा त्याने माझ्या गिटारच्या पाच तारा काढून
खिशात घातल्या. आठवडाभर दिल्या नाहीत.
मी एका तारेवर चडफडलो,
सहा परत मिळाल्या तसा पुन्हा पळालो.

मार्चमध्ये त्याला झटका आला.
उजवी बाजू गेली, आणि भाषा.
चार शब्द उरले.
हो. छ्या. थांब.
आणि, का कोण जाणे, मंगळवार.

गाडीतला उरलेला पाव घेऊन मी जातो त्याच्याकडे.
अर्नेस्टीन खिडकी उघडते. तो म्हणतो, मंगळवार.
ती खिडकी लावून घेते.
शेवट वर उचलून, मंगळवार? ती कॉफी ठेवते.
खर्जात, मधेच मोडलेला मंगळ... वार,
तेव्हा ती काही विचारत नाही,
नुसती उशी सरकवते.
टीव्हीवर पंच चुकला की
छ्या, छ्या छ्या, छ्या,
थांब,
आणि आम्ही वाट बघून थकल्यावर
अगदी हळू, गोड आवाजात: मंगळवार.
अर्नेस्टीनच्या हातातलं भांडं निसटतं हसून.

घरी जाताना सिग्नलला मी चार सूर निवडले.
स्टिअरिंगवर बोटं ठेवून गुणगुणलो.
एकच सूर रागाने. उसना मागितल्यासारखा.
उशिरा आल्याची सबब सांगणारा.
मागचा हॉर्न वाजवत होता, बराच वेळ असावा.

गुरुवारी पाळी आली.
एक सूर टाकला आणि हात काढून घेतला.
एक अख्खं घर रिकामं गेलं.
पोटात गोळा. ड्रमवरच्या डेलमारने मान वर केली,
त्याला वाटलं तार तुटली.
मग तोच सूर, तार ढकलत, ढकलत,
पोचायच्या जरा अलीकडेच सोडलेला.
कुणीतरी ग्लास खाली ठेवला.
नवव्या घरात सवय उसळली,
बोटं पळाली, दोन ओळी नुसता पाचोळा.
शेवट कसाबसा सावरला.

फोनवरचं ते रेकॉर्डिंग लुशियसला ऐकवलं.
डोळे मिटून ऐकत होता.
रिकाम्या घरापाशी पुटपुटला: थांब.
माझ्यासाठी की माझ्याबरोबर, कळलं नाही.
नवव्या घरात: छ्या.
ते कळलं.

आणि मग मी पाहिलं,
पांघरुणावर त्याचा डावा हात चालला होता.
तारा दाबणारा हात. तो शाबूत आहे,
हे इतके महिने कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

कपाटामागून बास काढला, धूळ पुसली,
त्याच्या मांडीवर आडवा ठेवला.
तो दाबणार, मी छेडणार, असं ठरलं,
म्हणजे मी ठरवलं, तो म्हणाला, हो.
पहिले तीन सूर आले, जाड, गंजलेले.
चौथ्यासाठी मी बोट उचललं.
त्याचा हात पट्टीवर तरंगत राहिला,
दाबेना.
मी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.
मी बोट तसंच हवेत धरून बसलो.